साधनाचं कडवं

आमच्या डाबकी रोडवरच्या निम्म्या पोरापोरींचं लग्न मांडवात लागायच्या आधी साधनाच्या दुकानात लागलेलं आहे. हसू नका, खरं सांगते. हल्ली मांडवात उभं राहून मंगलाष्टक म्हणायची कोणाची छाती होत नाही. माईक हातात आला की मावशीचा घसा बसतो, आत्या चाल विसरते आणि मामा तर सुरूच होत नाही. म्हणून लोक लग्नाच्या आधीच साधनाकडे येतात. एकेक नातेवाईक एकेक कडवं म्हणून जातो, ती त्याखाली सनई-तबला लावते, सगळं एका माळेत ओवते आणि पेन ड्राइव्ह हातात देते. लग्नाच्या दिवशी साउंडवाला तो खोचतो, बटन दाबतो, लोक ज्वारीच्या अक्षता टाकतात आणि जेवायला पळतात.

मी भावना तायडे. साधनाच्या शेजारच्या गाळ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. मधली भिंत अर्ध्या विटेची, त्यामुळे तिकडे शिंकलं तर इकडे कळतं. खरं तर मंगलाष्टकांशी माझं काही देणंघेणं नाही. आमच्यात त्रिशरण-पंचशील घेतलं, हार घातले, की लग्न झालं. पण इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकून ती चाल मला पाठ झाली आहे. ब्लाउजला हुक लावताना मी ती गुणगुणायला लागले की माझा पोरगा धम्मदीप कपाळाला हात लावतो.

साधनाचं माहेर बाळापूरकडचं, सासर बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका खेड्यातलं. नवरा कुलदीप गावंडे, घरातला धाकटा. वावरात त्याचा जीव रमत नव्हता. मोठा भाऊ वामनराव शेती बघतो म्हटल्यावर हा अकोल्याला आला, गाळा भाड्यानं घेतला, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि ‘कुलदीप रेकॉर्डिंग’ असा बोर्ड लावला. तेव्हा मुख्य काम असायचं ते ऑटोवर भोंगा लावून फिरणाऱ्या जाहिरातींचं. साड्यांचा सेल, नवीन क्लास, हरवलेली म्हैस, काय वाट्टेल ते. मशीन कुलदीपचं आणि आवाज साधनाचा. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ ती अशी काही म्हणायची की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा, कोण बोलतंय म्हणून. अकोल्यात कुठल्याही गल्लीत जा, साधना आधी पोचलेली असायची. मी तिला म्हणायची, तुझी चप्पल झिजत नाही आणि तू सगळं गाव फिरून येतेस.

मग कुलदीप गेला. छातीत जळजळतं म्हणाला, मीच ऑटो थांबवला, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर संपला. वैदर्भी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहावीत होती. ती धाय मोकलून रडली. साधना रडली नाही. लोक आले, गेले, बायका गळ्यात पडल्या, ती प्रत्येकीला पाणी देत राहिली. चार तोंडं चार गोष्टी बोलली. मी तिला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, बाई, एकदा रडून घे, मोकळी होशील.

“मले काहीच नाई वाटून राहिलं, भावनाताई,” ती म्हणाली. “दाढ काढाच्या आधी सुई देते ना डॉक्टर, तसं होऊन गेलं.”

मला वाटलं, उतरेल ती सुई महिन्या-दोन महिन्यांत. नाही उतरली. तेरावं झालं आणि तिनं दुकान उघडलं. कुलदीपच्या पाठीमागे उभं राहून सगळं पाहिलेलंच होतं, त्यामुळे मशीन तिला कोणी शिकवायची गरज पडली नाही. पण आवाजाचं काम तिनं बंद केलं. जाहिरात बोलायला दुसरी एक पोरगी बोलवायची, स्वतः माईकसमोर जायची नाही. कोणी बंदी घातली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, गरज काय आहे. त्यानंतर तिचं काम म्हणजे दुसऱ्यांचे आवाज कापायचे आणि जोडायचे.

ते काम मी पुष्कळदा बघितलं आहे. स्क्रीनवर आवाज दिसतो. जाड, बारीक, पुन्हा जाड, कपाशीवरची अळी आडवी पडल्यासारखा. वरच्या ओळीत माणसाचा आवाज, खालच्या ओळींत सनई, तबला, तानपुरा. जे नको असेल त्याच्या सुरुवातीला माउस ठेवायचा आणि ओढत शेवटापर्यंत न्यायचा, तेवढा तुकडा निळा होतो. मग एक बटन दाबलं की तो गेला. आत्याचा खोकला गेला, मामाचं ‘सुरू झालं का?’ गेलं. पण खरं काम त्यापुढे असतं. वरचा आवाज काढला तर खालचं संगीतही तेवढंच काढावं लागतं आणि दोन्ही टोकं अशी जोडावी लागतात की तबल्याचा ठेका चुकायला नको. नाहीतर मध्येच नुसती सनई वाजत राहते आणि लोकांना कळतं, इथे काहीतरी होतं. साधनाचा जोड कधी कोणाला कळला नाही. मी शिवणकामातली बाई आहे, जोड म्हणजे काय ते मला समजतं.

आता जे सांगते त्यानं माझं डोकं अजून तापतं. रेकॉर्डिंग झालं की दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी एकटंच परत यायचं. बहुतेक वेळा एखादा काका, नाहीतर मोठी सून. इकडे-तिकडे बघत म्हणायचं, “ताई, ते तिसरं कडवं काढून टाका ना. त्या आमच्या मावशी हायेत, पण त्याईचे मिस्टर नाई आहेत ना... समजून घ्या.” साधना समजून घ्यायची. माउस ओढायचा, निळं करायचं, बटन दाबायचं, टोकं जोडायची. त्या मावशीला सांगितलं जायचं की लाईट गेली होती, तुमचं रेकॉर्डिंगच झालं नाही. आणि ती बिचारी चार दिवस पाठ करून, नवी साडी नेसून, रिक्षानं येऊन म्हणून गेलेली असायची.

कमाल म्हणजे, हे सांगणारा माणूस ते साधनालाच सांगत असायचा. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघावं, हे एकालाही कधी सुचलं नाही.

मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तू नाही म्हणून सांग. ती म्हणाली, गिऱ्हाईक आहे, म्हणतील तसं करायचं. मी म्हटलं, तुझं रक्त तापत नाही? ती म्हणाली, नाही. खोटं बोलत नव्हती.  आमच्यातही सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं नाही. माझ्या नणंदेच्या हळदीला आमची एक काकू, नवरा गेलेली, कोणी काही न सांगताच आपणहून दाराआड जाऊन उभी राहिली होती. बाबासाहेबांनी वाट दाखवून इतकी वर्षं झाली, पण पायांची सवय जात नाही. तिला मात्र मी हाताला धरून पुढे आणली होती आणि अख्ख्या गोतावळ्याचं बोलणं खाल्लं होतं.

वैदर्भी फार्मसी शिकली, अमरावतीला एका औषधाच्या मोठ्या दुकानात नोकरीला लागली, आणि तिथेच रोहित बोंडेशी तिचं जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं. वामनराव जाऊन बघून आले, लग्न ठरलं. वेदूनं, म्हणजे वैदर्भीनं, आईला एकच गोष्ट मागितली. दागिना नाही, कपडा नाही. “मंगलाष्टकात एक कडवं तुह्या आवाजात पाहिजे. बाकी कोणाचं असो नसो.”

साधना हो म्हणाली. ती सगळ्यालाच हो म्हणते. पण यावेळी तिनं कडवं स्वतः लिहिलं, चार ओळींसाठी पाच-सहा कागद फाडले. पहिली ओळ मला आठवते, ‘बाबांची चिमणी उडून निघता डोळ्यात पाणी उभे’. कविता म्हणून बेताचीच, चिमणी तर प्रत्येक लग्नात उडते. पण चालीत चपखल बसत होती आणि बाप त्यात होता.

रेकॉर्डिंगला मला बोलावलं, कारण माईकसमोर तीच आणि मशीनवर कोणी नाही. काय दाबायचं ते दाखवून ठेवलं. एप्रिल महिना. रेकॉर्डिंग करताना कूलर बंद ठेवावा लागतो, आणि अकोल्यात एप्रिलमध्ये कूलर बंद करणं म्हणजे काय ते अकोलेकरालाच विचारा. घामानं माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता. ती माईकसमोर उभी राहिली, गळा साफ केला आणि म्हणाली. एवढ्या वर्षांनी म्हणत होती. आवाज वयानं थोडा खाली आला होता, पण स्वच्छ होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही. तिनं बाहेर येऊन ते ऐकलं, गिऱ्हाइकाचं ऐकते तसं, आणि म्हणाली, “श्वास जरा जोरात आला. तेवढा कापतो.”

लग्नाला तीन-चार दिवस राहिले असताना वामनराव आले. मी तेव्हा साधनाकडेच होते, तिच्या ब्लाउजची बाही दाखवायला गेले होते.

वामनराव माणूस वाईट नाही. भावाच्या पोरीचं लग्न त्यांनी स्वतःच्या पोरीसारखं अंगावर घेतलं होतं. पण जुन्या वळणाचे. आमच्या वऱ्हाडात जुन्या घरांमध्ये भासरा, म्हणजे थोरला दीर, धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही. तिनं डोक्यावरून पदर घ्यायचा, त्यानं तिच्याकडे न बघता तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरं कोणी नसेल तर भिंतीला सांगायचं, नाहीतर गोठ्यातल्या बैलाला. कुलदीप गेला त्या दिवशी वामनरावांनी साधनाचं सांत्वनसुद्धा माझ्यामार्फत केलं होतं.

यावेळीही ते माझ्याकडे तोंड करून बसले. साधनानं पदर घेतला.

“सांगा तिले,” ते मला म्हणाले, “का रेकॉर्डिंग आमी मोबाइलवर ऐकलं. सत्यभामेलेही आवडलं. पण त्याच्यात तिचं सोताचं कडवं हाय.”

“हाय,” मी म्हटलं. “पोरीची माय हाय ते.”

“मले काई नाई, ताई. मी तसा मानूस नाई. पण पोराकडे आजी हाय, पार्बताबाई, जुनी बाई. तिनं काई म्हटलं त? उद्या पोरीचं काई कमी-जास्त झालं त लोक म्हणतीन, मायनंच अपशकून केला. मी त कन्यादान करून मोकळा होईन, पोरीले जन्मभर ऐकावं लागीन.”

“कमी-जास्त काय होते कडवं म्हटल्यानं?”

“होत नाई. पण झालं त?”

 मी म्हटलं, “भाऊ, ती ह्या इथं बसली हाय, हातभर अंतरावर. तिलेच सांगा ना.”

वामनराव फरशीकडे बघू लागले. “तुमी सांगा,” म्हणाले. “समजदार हाय ते. म्हणा, पोरीले काई सांगू नोको, आपलं काढून टाक.”

मी चांगली चार वाक्यं तोंडात जुळवून ठेवली होती. पण मी तोंड उघडायच्या आत साधना मशीनकडे वळली होती. तिचं कडवं शेवटून दुसरं होतं. तिनं त्याच्या सुरुवातीला माउस ठेवला आणि ओढत नेला. ‘बाबांची चिमणी’पासून ‘सावधान’पर्यंत सगळं निळं झालं. बटन दाबलं. वरच्या ओळीतली अळी गेली, सपाट रेघ उरली. मग तिनं तेवढा भाग लावून ऐकवला. तिचा आवाज नव्हता.

“भाऊजीईले विचारा,” ती मला म्हणाली, “बरोबर झालं का म्हणा.”

वामनरावांनी मान हलवली. उठताना ‘कुलदीप असता त’ असं काहीतरी म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं. त्यांचेही डोळे भरले होते, ते मी बघितलं, आणि त्यानं मला आणखीनच राग आला. रडायचंही आणि कापायलाही लावायचं, हे मला जमत नाही.

ते गेल्यावर जे त्यांना बोलायचं होतं ते सगळं मी साधनाला बोलले. दगड आहेस म्हटलं. पोरीनं एक गोष्ट मागितली होती आणि तीही तू दोन मिनिटांत पुसून टाकलीस म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “च्या घेता का?” मी बाही तिथेच टाकून निघून आले. जाताना बघितलं तर ती त्या सपाट रेघेकडे बघत बसली होती, माउसवर हात ठेवून, काही न करता.

लग्न अमरावतीला, बडनेरा रोडवरच्या एका कार्यालयात. मुहूर्त दुपारी बाराचा, म्हणजे दीडला लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी साधनाशी धड बोलत नव्हते, पण गेले. वेदू माझ्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठी झालेली पोर. तिच्या लग्नाचे सगळे ब्लाउज मी शिवले होते.

मुलीची आई म्हणून साधनानं पुढे उभं राहायला हवं होतं. ती माझ्याजवळ, सगळ्यात मागच्या कूलरपाशी उभी होती. कन्यादानाला वामनराव आणि त्यांची बायको सत्यभामाबाई. पुढे पहिल्या रांगेत सोफ्यावर रोहितची आजी पार्बताबाई बसली होती, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात. मी शेजारच्या बाईला विचारलं, आजोबा कुठे आहेत. ती म्हणाली, ते तर रोहितच्या जन्माआधीच गेले. म्हणजे ज्या आजीच्या भीतीनं एका विधवेचा आवाज कापला, ती आजी स्वतः विधवा, आणि ठाण मांडून पहिल्या रांगेत. मी कपाळाला हात लावला.

अंतरपाट धरला. साउंडवाल्यानं बटन दाबलं. गुरुजींच्या आवाजातलं पहिलं कडवं, मग रोहितच्या आत्या, मग त्याचा मामा, मग सत्यभामाबाई, अगदी घाबऱ्याघुबऱ्या. प्रत्येक ‘सावधान’ला ज्वारी उडत होती, चिल्लीपिल्ली एकमेकांच्याच डोक्यात मारत होती. मग सत्यभामाबाईंचं कडवं संपलं आणि पुढचं सुरूच झालं नाही.

सनई चालू होती. तबला चालू होता. म्हणणारं कोणी नव्हतं. लोक मुठीत ज्वारी घेऊन उभे राहिले. एक-दोघांनी टाकून दिली, त्यांचं बघून आणखी चार जणांनी टाकली. गुरुजी साउंडवाल्याकडे बघू लागले, साउंडवाला वायर हलवू लागला. मी साधनाकडे बघितलं. इतकी वर्षं जिचा जोड कोणाला कळला नाही, तिनं स्वतःच्या पोरीच्या लग्नात एवढं मोठं भोक सोडलं होतं. ती समोर बघत होती.

अंतरपाटाच्या पलीकडून वेदूचा आवाज आला. मोठ्यानं.

“इथं माह्या आईचं होतं. कुठं गेलं?”

सनई तशीच वाजत होती. गुरुजी म्हणाले, बेटा, मुहूर्त चाललाय. वेदूनं त्यांचं ऐकलं नाही. तिनं मान वळवून बाजूला बघितलं. “मोठेबाबा, तुमी काढाले लावलं?”

वामनरावांची मान खाली. एवढा मोठा फेटा बांधलेला माणूस, पण चोरी पकडल्यासारखा उभा. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात साधना माझ्याजवळून दोन पावलं पुढे गेली.

“त्याईनं नाई, वेदू,” ती म्हणाली. “म्या काढलं. माह्या हातानं.”

माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. तेवढ्यात ती रिकामी जागा संपली आणि भोंग्यातून रोहितच्या काकूचं शेवटचं कडवं एकदम हसत-खेळत सुरू झालं. वेदू म्हणाली, “बंद करा ते.” साउंडवाल्यानं पेन ड्राइव्हच उपटला. मग फक्त कूलरांचा आवाज राहिला.

“मंग आता म्हण,” वेदू म्हणाली.

साधना जागची हलली नाही. वामनरावांनी माणसांच्या डोक्यांवरून मला शोधून काढलं. “ताई,” ते म्हणाले, “सांगा तिले. म्हण म्हणा.”

“तुमचं तुमी सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी फेटा सावरला आणि पुन्हा माझ्याकडेच बघितलं. शेवटी पार्बताबाईच सोफ्यावरून कावल्या. “काय झालं वं? पोरीची माय हाय ना ते? मंग म्हणू द्या तिले. ऊन किती होऊन राहिलं, पोट्टं घामानं न्हाऊन गेलं माह्यं.”

 साधना जिथे उभी होती तिथूनच सुरू झाली. दुकानात म्हटलं होतं तसं काही झालं नाही. सूर वर लागला, दुसऱ्या ओळीत फाटला. खाली सनई नाही, तबला नाही. तिसऱ्या ओळीपाशी ती अडकली, स्वतः लिहिलेली ओळ तिला आठवेना. अंतरपाटामागून वेदूनं पुढचा शब्द दिला. मग दोघींनी मिळून ते कसंबसं शेवटाला नेलं, आणि ‘सावधान’ म्हटल्यावर इतकी ज्वारी उडाली की गुरुजींच्या पोथीत गेली. सत्यभामाबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. वामनराव रडत होते. आमच्या आजूबाजूच्या अनोळखी बायकाही रडत होत्या. साधनाचे डोळे कोरडे होते. तिनं मला विचारलं, “जेवणाचे पानं मांडले असतीन का?”

मी त्या दिवशी तिच्यावर चिडायचं सोडून दिलं. मला तिची भीतीच वाटली.

जेवणं झाली, फोटो झाले, ऊन उतरायला लागलं. कार्यालयासमोर फुलं लावलेली गाडी उभी राहिली. पाठवणीला सगळे जमले. वेदू एकेकाच्या पाया पडली, वामनरावांच्याही पडली, आणि ते तिला जवळ घेऊन लहान पोरासारखे रडले. रोहित गाडीत जाऊन बसला. मग ती आईसमोर आली. मी बाजूलाच होते, हातात तिची पर्स होती.

“आई,” वेदू म्हणाली, “कावून काढलं वं? तुले म्हटलं होतं ना.”

साधनानं तिचा पदर नीट केला. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी म्हणेल, जाऊ दे म्हणेल.

“दुसऱ्याईचे आवाज काढतानी मले कधी काई वाटलं नाई,” ती म्हणाली. “माह्या मनानं म्हटलं, सोताचं काढतानी त वाटीन. म्हून काढून पायलं. दाबलं बटन. काईच नाई वाटलं, वेदू. मंग मले भेव वाटलं.”

“कशाचं?”

“तुले या गाडीत बसवून देतानीबी मले काईच नाई वाटलं त?” साधना म्हणाली. “म्हून ती जागा बुजवाले हात नाई उचलला. म्हटलं, मांडवात ती रिकामी ऐकून तरी काई वाटीन.”

वेदूनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मेहंदीचे दोन्ही हात आईच्या गालांना लावले.

“मंग आता?” तिनं विचारलं. “आता वाटून राहिलं काई?”

 साधनाची हनुवटी हलायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, चला, गावाला पोचायला अंधार होईल. तिनं वेदूचं मनगट धरलं, बांगड्यांसकट, घट्ट.

“थांब ना थोडी,” ती म्हणाली. “लगेच नोको जाऊ.”

ड्रायव्हरनं गाडी बंद केली.